दोन टिंबांची हाक

आई,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तू होतीस तेव्हा गरज पडली नाही, कारण आपण सगळे एकाच घरात राहत होतो, आणि तू गेल्यावर लिहून काय करायचं ते कळलं नाही. आज लिहितेय कारण दिवाळीत आप्पांचे मेसेज यायचे बंद झाले. मेसेज म्हणजे फोनवरून पाठवायची चिठ्ठी, लिहिली की लगेच पोचते. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे फोन नव्हता, कोपऱ्यावरच्या दुकानात होता. आता आप्पांकडेही आहे, धाकट्यानं घेऊन दिला. कानानं काहीच ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांच्याशी लांबून बोलायचा तोच एक रस्ता उरला होता, आणि तोही बंद पडला. आप्पांनी बोलणं सोडलं तर ते किती पक्कं सोडतात हे तू गेल्यावर आम्ही बघितलंय. मला भीती वाटली. ही भीती दुसऱ्या कुणाला सांगायची तर आधी तुझ्यापासून सगळं सांगावं लागेल, आणि एवढं मला कुणापाशी बोलता येत नाही. तुला निम्मं माहीतच आहे.

आप्पा अजून कुरुळीतच राहतात, आपल्याच दोन खोल्यांत. मी लग्नानंतर माणला आले, इथंच एका कंपनीत नोकरी करते. धाकटा मोशीत राहतो, चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. होय, आपला धाकटा सुपरवायझर. आप्पांच्या प्रेस शॉपमध्ये, कारखान्याच्या त्या पत्रे ठोकायच्या खात्यात, सुपरवायझर यायला लागला की कामगार एकमेकांना डोक्यावर हात ठेवून खूण करायचे, कारण प्रेसच्या आवाजात ओरडून उपयोग नसायचा. धाकटा घरात शिरला की आप्पा अजून डोक्यावर हात ठेवतात. तो चिडल्यासारखं करतो, पण त्याला आवडतं ते.

फोन आल्यावर आप्पांचा मला पहिला मेसेज आला तो म्हणजे नुसती दोन टिंबं. मला वाटलं काहीतरी चुकून दाबलं गेलं. मी लिहिलं, काय झालं आप्पा? त्यावर आलं, "पाणी." मी बघत राहिले. पुढं काहीच नाही. मी लिहिलं, हं. मग आलं, "आज आलं नाही." परत शांत. परत मी हं लिहिलं. "टँकर मागवला. कळलं?" मी हो म्हटलं. "झालं." दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन टिंबं. मी ऑफिसात होते, नुसतं बघितलं आणि ठेवून दिलं. त्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही, संध्याकाळपर्यंत नाही. मी धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "अगं ताई, बोट लागत असेल. अंगठा बघितलास का त्यांचा? एका दाबात चार अक्षरं दबतात. मला पण येतात ती टिंबं, मी लक्षच देत नाही. काम असलं तर लिहितील की."

पण लिहायचे नाहीत. टिंबांना उत्तर दिलं तरच लिहायचे. आणि उत्तरही एकदा देऊन भागत नसे, त्यांच्या प्रत्येक शब्दामागं माझा एक हुंकार लागायचा. मला कधी कधी कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू. मी एकदम तीन-चार ओळी लिहून पाठवल्या की ते उलट एकच टिंब पाठवायचे आणि गप्प बसायचे. त्या एका टिंबाचा अर्थही मला लागत नव्हता.

तो लागला ऑफिसात, माझीच चेष्टा झाली तेव्हा. आमच्याकडे शेजारी बसलेली माणसंसुद्धा एकमेकांना मेसेज करतात. मला काही विचारायचं असलं की मी लिहिते, "सर, आहात का?" आणि थांबते. समोरून "हो" आलं की मगच विषय काढते. एके दिवशी आमचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही दार वाजवता आणि जिन्यात उभ्या राहता. आत या की थेट! जे काय असेल ते एका मेसेजमध्ये टाकत जा." सगळे हसले. एकजण म्हणाला, "अहो सर, मॅडम चपला काढतायत अजून." मीही हसले. त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं. पण घरी येताना बसमध्ये मी विचार करत होते, की ही सवय मला लागली कुठून. मी बडबडी नाही. मला बोलायचंच कमी असतं, मग बोलण्याआधी एवढी वाट का बघते? आणि मग खिडकीपाशी बसल्या बसल्या मला आपल्या स्वयंपाकघराच्या दारातलं ते काळं बटण दिसलं. टक टक. आपल्या घरात दोनदा बटण दाबल्याशिवाय कुणी बोलायचंच नाही. मी फोन काढला. आप्पांची दोन टिंबं सकाळपासून तशीच पडून होती.

तुला आठवतं का ते कसं सुरू झालं? मी तिसरी-चौथीत असेन. आप्पांचे कान तेव्हा जायला लागले होते. प्रेस शॉपमधून आले की ते खाटेवर बसायचे, पाठ स्वयंपाकघराकडे, आणि तू हाका मारून दमायचीस. त्या दिवशी तुझे हात कणकेत होते आणि गॅसवर दूध वर येत होतं. तू "अहो, अहो" म्हणून ओरडलीस, मी अंगणात होते. शेवटी तू रागानं कोपरानं दारातलं बटण दोनदा दाबलंस. खोलीत अंधार झाला, परत उजेड झाला. आप्पा वळले आणि म्हणाले, "बोल." तू एवढी चकित झालीस की दुधाचं सांगायचं विसरलीस. दूध गेलंच. तेव्हापासून तू तशीच हाक मारायला लागलीस, बहुतेक वेळा कोपरानंच. त्या बटणाच्या कडेला कायम पीठ असायचं. समोरच्या काकू, ज्यांच्याकडून आपण जागा घेतली त्या, एकदा दारात येऊन म्हणाल्या, "काय वं, लायटीशी खेळ मांडलाय व्हय?" तू म्हणालीस, "नवऱ्याला हाक मारतीय. तुमी फुकट वरडता, आमच्या हाकंचं बिल येतं." काकू जाईपर्यंत हसत होत्या.

आणि मग तुझं बोलणं. आप्पा वळले की तू दारातच उभी राहायचीस, त्यांना तुझे ओठ दिसावेत म्हणून उजेडाकडं तोंड करून. एका वेळी एकच तुकडा. "दूध." आप्पांची मान हलायची. "नासलं." मान. "चहा कोरा." मान. "चालंल?" मान. मग तू म्हणायचीस, "झालं माझं," आणि आप्पा परत भिंतीकडं तोंड करायचे. "झालं" म्हटल्याशिवाय ते कधी तोंड फिरवायचे नाहीत. तू बोलता बोलता गॅसपाशी काही बघायला आत गेलीस तरी ते दाराकडं बघत तसेच बसून राहायचे, तुझं बोलणं अजून चालू आहे म्हणून. मी आणि धाकटा हसायचो. मी बसमध्ये बसून हे सगळं एकेक लावत गेले. दोन टिंबं म्हणजे बटण. एक टिंब म्हणजे मान. आणि बाकीचं सगळं, ते एकेक शब्द, ते "कळलं", ते "झालं", ते आप्पांचं नव्हतंच. आप्पा एवढंच बोलायचे, "बोल." हे सगळं तू बोलायचीस.

त्यानंतर मला त्यांचे मेसेज वाचायला जड जाऊ लागलं. सकाळी बसची वाट बघत उभी असते, हातातला फोन थरथरतो, दोन टिंबं. मी लिहिते, बोला आप्पा. "गुरुवार." हं. "लाईट नाही." हं. "खिचडी केली. तू जेवलीस?" आणि मला ते तुझ्या आवाजात ऐकू येतं, कुरुळीच्या दारातून, हातावर पीठ घेऊन. मला तुझा आवाज आठवायचा बंद झाला होता, आई. वर्षं झाली होती त्याला. तुझा एकही आवाज कुठं साठवलेला नाही. फोटो आहेत, तेही लग्नातले, त्यात तू गप्प आहेस. आणि आता ज्या माणसानं शेवटची कित्येक वर्षं तुझा आवाज नीट ऐकलाच नाही, नुसते ओठ बघितले, त्याच्या अंगठ्यातून तो येत होता. मी धाकट्याला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "ताई, तू फार विचार करतेस." पण त्या दिवसापासून तो टिंबांना उत्तर द्यायला लागला. मला आप्पांनीच सांगितलं. "धाकटा." हं. "आता बोलतो."

दवाखान्यातलं तुला माहीत असेल की नाही, माहीत नाही. चिंचवडच्या त्या दवाखान्यात तुझ्या खाटेजवळ बटण नव्हतं. वॉर्डातली सगळी बटणं दाराशी एका मोठ्या पाटीवर होती. दुपारची वेळ, पण आभाळ भरलेलं होतं म्हणून दिवे लावलेले. तुला जरा बरं वाटत होतं. आप्पा खिडकीपाशी स्टुलावर बसले होते, बाहेर बघत, पाठ तुझ्याकडं. तू मला म्हणालीस, "त्यांना हाक मार." मी उठून आप्पांच्या खांद्याला हात लावायला निघाले, तर तू मान हलवून दाराकडं बोट दाखवलंस. मी दाराशी गेले आणि बटण दोनदा दाबलं. सगळा वॉर्ड अंधारला आणि परत उजळला. कोपऱ्यातल्या एक आजी ओरडल्या, "ए पोरी, लायटीशी काय खेळतीस, माणसं आजारी हायत इथं!" आप्पा वळले. "बोल," ते म्हणाले, मोठ्यानं, नेहमीसारखं. तू म्हणालीस, "चहा." मान. "पिऊन या." मान. "मी आहे." मान. आणि तू डोळे मिटलेस. आप्पा थोडा वेळ तसेच बघत राहिले. मी त्यांना खुणेनं सांगितलं, जा, चहा पिऊन या. ते गेले. ते परत आले तोवर पुढचं सगळं होऊन गेलं होतं.

तू "झालं" म्हणाली नव्हतीस. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आप्पांच्या आलं असणार.

घरातला तो दिवा मग अधूनमधून आपोआप मिचकायला लागला. नाशिक हायवेवरून मोठा ट्रेलर गेला की, वारा सुटला की, किंवा उगाचच. वायर ढिली झाली होती आत कुठंतरी. गेल्या उन्हाळ्यात मी तिथं गेले होते, रविवार होता, आप्पा खाटेवर आणि मी पलीकडे खुर्चीत भाजी निवडत. दिवा मिचकला. आप्पा वळले. माझ्याकडं नाही, दाराकडं. रिकाम्या दाराकडं बघून ते म्हणाले, "बोल." ते घाबरलेले नव्हते, भ्रमिष्टही दिसत नव्हते. कुणीतरी काहीतरी सांगणार आहे आणि आपल्याला ते ऐकायचं आहे, एवढंच तोंडावर होतं. जरा वेळानं ते परत फिरले, उशीखालचा फोन काढला, अंगठा हलवला, आणि माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. दोन टिंबं. मी त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर बसले होते. मी लिहिलं, बोला आप्पा. आलं, "भाजी." हं. "मेथी आहे का?" म्हणजे हे असं होतं तर. दिवा मिचकायचा, ते तुला "बोल" म्हणायचे, तू बोलायची नाहीस, आणि मग ते मला हाक मारायचे. मी हे कुणाला सांगितलं नाही.

म्हणून दिवाळीत काय झालं ते ऐक. धाकट्यानं बोनसमधून घराची सगळी वायरिंग बदलून घेतली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. इलेक्ट्रिशियननं जुनी वायर काढून दाखवली तर ती आतून काळी पडली होती. धाकटा म्हणाला, "बघ ताई, कधी पेट घेतला असता सांगता येत नाही. आणि त्यांना ऐकू पण येणार नाही." खरं होतं. मीही बरं झालं म्हणाले. पांढरा नवा बोर्ड बसला, नवा दिवा बसला. आप्पांनी खालून वर बघून मान हलवली. जुना काळा बोर्ड त्यांनी भंगारात जाऊ दिला नाही, मीटरच्या वर ठेवून दिला. आम्हाला वाटलं, सवय. कामगार माणूस सुटा भाग टाकत नाही.

पाडव्यापासून ती दोन टिंबं आली नाहीत. आधी मला वाटलं सणाची गडबड. मग मी स्वतःच विचारायला लागले, जेवलात का, गोळ्या घेतल्या का. उत्तर म्हणून एक टिंब. मान हलवल्यासारखं. त्यापुढं एक अक्षर नाही. धाकट्यालाही तेच. तो रोज संध्याकाळी कंपनीतून सुटला की चक्कर मारायला लागला. म्हणाला, "जेवतात, झोपतात, सगळं ठीक आहे. पण मी आत गेलो तरी डोक्यावर हात ठेवत नाहीत गं आता." तू गेल्यावर आप्पा असेच गप्प झाले होते ते आम्हा दोघांनाही आठवत होतं, फक्त आम्ही ते तोंडानं म्हणत नव्हतो. तेव्हा ते चाळिशीत होते, कामावर जायचं होतं, आम्हाला शिकवायचं होतं, म्हणून त्यातून बाहेर आले. आता त्यांना बाहेर येण्यासारखं काय आहे?

मी रजा टाकून कुरुळीला गेले. दार उघडंच होतं. आप्पा खाटेवर, पाठ स्वयंपाकघराकडे. मी मागच्या दारानं आत गेले, का ते मला सांगता येणार नाही, पण मागच्या दारानं गेले आणि तुझ्या जागेवर उभी राहिले. माझं ठरलेलं होतं. मी त्यांना हाक मारणार होते, ते वळले की त्यांना तोंड दिसेल अशी उभी राहून तुझ्यासारखं एकेक करून सांगणार होते. आई. गेली. खूप वर्षं झाली. आणि शेवटी तुझा तो शब्द म्हणणार होते, "झालं." कुणीतरी तो म्हणायला हवा, म्हणजे ते मोकळे होतील, असं मला बसमध्ये पटलेलं होतं. नवं बटण मऊ आहे, आवाज करत नाही. मी दोनदा दाबलं.

आप्पा वळले. "बोल," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण माझ्या चेहऱ्याच्या जरा खाली, हनुवटी आणि गळ्याच्या मध्ये कुठंतरी. तू माझ्यापेक्षा बुटकी होतीस हे मी विसरून गेले होते. तू गेलीस तेव्हा माझी उंची व्हायची होती. त्यांची नजर तिथं काही नसलेल्या जागेवर थांबली, आणि मग हळूहळू वर आली आणि मी दिसले. त्या दोन उंचींच्या मधे त्यांचं तोंड जसं होतं तसं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते तुझ्यासाठीचं तोंड होतं. आम्ही मुलं नेहमी त्यांच्या बाजूला असायचो, समोर तू असायचीस. ते फक्त तुलाच दिसत आलेलं.

ठरवलेलं काही माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणाले, "चहा." मान. "ठेवू?" मान. मी चहा ठेवला आणि पाठमोरी होऊन उभी राहिले, आणि माझा फोन थरथरला. दोन टिंबं. आप्पांना बोलता येतं, आई, पण आपला आवाज किती मोठा लागतो हे त्यांना आता कळत नाही, आणि काही गोष्टी समोरच्या घरापर्यंत जाऊ नयेत असं त्यांना वाटत असेल. मी लिहिलं, बोला.

"वायर ढिली होती."

हं.

"माहीत होतं मला."

हं.

"तरी मान वळायची."

मी एक टिंब पाठवलं.

"आता वळत नव्हती."

मी परत एक टिंब पाठवलं. चहा उतू गेला. बऱ्याच वेळानं आलं, "आज वळली." मी "झालं" यायची वाट बघत गॅसपाशी उभी राहिले. ते आलं नाही. मी चहा घेऊन बाहेर गेले, तर ते दाराकडंच तोंड करून बसलेले होते. मी तो शब्द म्हणाले नाही. ज्या माणसाला अजून ऐकायचं आहे त्याला मी कोण सांगणार, बोलणं संपलं म्हणून?

आता टिंबं येतात, पूर्वीइतकी नाही, पण येतात. काल धाकट्याचा फोन आला होता, म्हणाला, "ताई, आज डोक्यावर हात ठेवला." एवढं सांगायला फोन केला होता त्यानं. मी त्याला बटणाचं सांगितलेलं नाही. दर रविवारी मी कुरुळीला जाते आणि मागच्या दारानंच आत जाते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून कपाटात ठेवीन. शेवटी तुझा शब्द लिहायची रीत आहे आपल्याकडं, पण तो मी लिहिणार नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. गेल्या रविवारी बटण दाबताना मी गुडघ्यात जरा वाकून उभी राहिले होते.